आईचं नाव केअर प्लॅनमध्ये कुठे आहे? मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांसाठी

‘सलाईन संपत आली की आवाज द्या हं ताई.’ रात्री हे वाक्य कानावर पडत नाही असा मुलांचा वॉर्ड मी अजून पाहिलेला नाही. मीही ते शेकडो वेळा म्हटलंय. एक वाक्य बोलून आपण पुढच्या कॉटकडे वळतो आणि ती आई पहाटेपर्यंत नळीकडे टक लावून बसते. डोळा लागला तर नळीतून हवा जाईल आणि लेकराचं काही बरंवाईट होईल, ही भीती तिच्या पोटात असते. ती आपल्याला विचारत नाही, आपणही सांगत नाही. खरं तर ब्युरेटमध्ये, म्हणजे सलाईनच्या बाटलीखालच्या मापाच्या नळकांड्यात, ९० मिली भरलंय, तासाला ३० मिली जातंय, म्हणजे तीन तासांनी संपणार. हे गणित आपल्याला येतं आणि ते करण्याची जबाबदारीही आपलीच.

नर्सिंगच्या फायलीत मात्र आपण झोकात लिहितो, ‘पालकांना काळजीत सहभागी करून घेतले.’ कुठल्या काळजीत? आईला कामं सांगणं वेगळं आणि आईला आराखड्यात, म्हणजे केअर प्लॅनमध्ये, घेणं वेगळं. दुपटी बदल, मूल धरून ठेव, रिपोर्ट आण, औषध आण, ही झाली कामं. आराखड्यात घेतलं म्हणजे तिला ठाऊक असतं की आज आपल्या बाळासाठी काय साधायचंय, त्यातला आपला वाटा कोणता, तो किती वेळाचा आहे आणि कोणती खूण दिसली की हातातलं सगळं टाकून सिस्टरला हाक मारायची.

थोडं विषयांतर. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापर्यंत कित्येक इस्पितळांत आईबापांना मुलाला फक्त ठरावीक वेळेत भेटता यायचं. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने सांगितलं की भेटीवर बंधनं नकोत आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्या. पुढे १९८८ मध्ये अ‍ॅन केसी या परिचारिकेने पालक आणि नर्स यांच्या भागीदारीची मांडणी केली. तिकडच्या लोकांना आईला वॉर्डात आणायलाच झगडावं लागलं. आपल्याकडे आई पहिल्यापासून वॉर्डातच होती, कधी कॉटवर मुलाला बिलगून, कधी कॉटखाली चटई टाकून. आपल्याला तिला कागदावर आणायचंय.

पुढचं सगळं एका उदाहरणाच्या आधाराने सांगते. १४ महिन्यांचा मुलगा, वजन ८ किलो. दोन दिवस जुलाब, कालपासून उलट्या. डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परतते, पाणी दाखवलं की झडप घालतो. डॉक्टरांनी ओआरएस सुरू करायला सांगितलंय. बरोबर आई आणि आजी, बाप संध्याकाळी येणार.

लिहिण्याआधी दहा मिनिटं बसा

बसा म्हणजे खरोखर बसा, कॉटच्या कडेला किंवा स्टुलावर. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला उभ्याचंच उत्तर मिळतं. वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना दहा मिनिटं कुठून आणायची, हे मला कुणी विचारू नका, मीही तिथूनच आलेय. वजन घेताना आणि तापमान लावून थांबताना मिळतात तेवढी वापरा.

पहिला प्रश्न आजाराचा नको. ‘एरवी कसा असतो हा?’ असं विचारा. एरवी किती झोपतो, कुणाच्या हातून खातो, पाणी कशाने पितो, पाण्याला काय म्हणतो. ‘मम्’ म्हणजे पाणी, हे रात्रीच्या सिस्टरला कळलेलं असलं तर अर्धी रडारड वाचते. हे नोंदवून ठेवा, कारण ‘सुस्त आहे’ या शब्दाला एरवीच्या वागण्याशी ताडून पाहिल्याशिवाय अर्थ नाही. नवी असताना एका आईने मला सांगितलं होतं, ‘हाक मारली की बघायचा, आज बघंना.’ मी नोंद केली, ‘मूल झोपलेले आहे.’ तासाभराने राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मुलाला हलवून पाहिलं आणि धावपळ सुरू झाली. मूल वाचलं, पण ती नोंद मला अजून खुपते. तेव्हापासून आईचं असं वाक्य मी जसंच्या तसं, तिच्या शब्दांत, अवतरणात लिहिते. ‘आई म्हणते: हाक मारली तर बघत नाही.’

मग विचारा, ‘घरी काय काय करून पाहिलं?’ ‘काही दिलंत का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येणार. घुटी, मध, जायफळ उगाळून, मेडिकलमधून आणलेलं जुलाब बंद व्हायचं औषध, कुठे अंगारा, कुठे पोटावर चटका. ऐकताना कपाळाला आठी पडू देऊ नका. एकदा आठी दिसली की पुढचं काही ती सांगणार नाही, आणि जुलाब बंद करायचं औषध पोटात गेलंय ही माहिती आपल्याला हवीच असते.

तिसरी गोष्ट, घरात निर्णय कोण घेतं? ‘यांना विचारते’ म्हणाली तर ‘हे’ कधी येणार ते लिहून ठेवा. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या वरच्या भागात काम करत असाल तर आईची भाषा कोरकू किंवा पावरी असू शकते. ती मान डोलावते म्हणून तिला मराठी कळली असं धरू नका. शेजारच्या कॉटवरची बाई, आशाताई, वॉर्डातल्या मावशी, कुणाला तरी मध्ये घ्या. दुभाषी म्हणून दहा वर्षांच्या ताईला उभं करणं मात्र टाळा. भावाच्या आजाराचं ओझं तिच्या डोक्यावर नको.

कोणतं काम कुणाचं

चार पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवा: आई बघेल, आई मदत करेल, आई करेल आणि सिस्टर बघेल, आई एकटी करेल. प्रत्येक काम यांतल्या कोणत्या पायरीवर आहे, हे तिच्याशी बोलून ठरवायचं. आपण परस्पर ठरवायचं नाही. एखादी पहिल्या दिवशी नळीने दूध घालायला शिकायला तयार असते. एखादीचे हात थरथरतात, ती तीन दिवस नुसती बघेल. दोन्ही चालतं. ‘एवढंही जमत नाही का’ हे वाक्य वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवा.

काही कामं कुठल्याच पायरीवर आईची नाहीत. सलाईनचा वेग कमी-जास्त करणं, ऑक्सिजनचा फ्लो बदलणं, शिरेतून औषध देणं आणि नाकातली नळी जागेवर आहे का हे तपासणं आपल्याकडेच राहतं. मनुष्यबळ कमी आहे म्हणून ही कामं हळूच पालकांकडे सरकतात, आणि काही चुकलं की ‘आईने हात लावला’ अशी नोंद होते. हा सरळ अन्याय आहे.

उलट काही गोष्टी तिच्याशिवाय होतच नाहीत. स्तनपान, चमच्याने पाजणं, मुलाला शांत करणं, ‘हे रडणं दुखण्याचं की भुकेचं’ हे ओळखणं. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर सरकारनेच हे मान्य केलंय. एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, पालकांना हात धुण्यापासून कांगारू पद्धतीपर्यंत (बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं) शिकवून काळजीत घ्यावं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये काढल्या. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली. इन्क्युबेटर कमी आणि बाळं जास्त, अशी तिथली अडचण होती. ती ओळखीची वाटते ना? ही पद्धत बाबालाही जमते, हे आपल्याकडे अजून पुरतं रुजलेलं नाही. छातीवर बाळ घेऊन बसलेल्या बापाकडे बघून वॉर्डातल्या बायका हसतात. दुसऱ्या दिवशी त्यातलीच एखादी आपल्या नवऱ्याला बोलावते.

कागदावर कसं उतरवायचं

विद्यार्थीदशेतला केअर प्लॅन सहा रकान्यांचा असतो आणि तपासणीनंतर तो कुणी उघडत नाही. वॉर्डात चालेल असा आराखडा अर्ध्या पानात मावतो: अडचण, आजचं ध्येय, आई काय करणार, सिस्टर काय करणार, हाक कधी मारायची. आपल्या मुलासाठी तो असा होईल.

अडचण: जुलाब-उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालंय.

ध्येय: सकाळी १० ते दुपारी २ या वेळात ६०० मिली ओआरएस पोटात जावं आणि एकदा तरी लघवी व्हावी.

आई (दमली की आजी): दर दोन मिनिटांनी एक चमचा ओआरएस. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. मागेल तेव्हा अंगावर पाजणं चालू. दर वाटीला एक काडी, प्रत्येक शीला एक गोल, लघवीला एक टिंब.

सिस्टर: ओआरएस तयार करून देणं, दर तासाला येऊन बाळ पाहणं आणि काड्या मोजणं, दुपारी २ ला डॉक्टरांना दाखवणं.

हाक: लागोपाठ उलट्या, शीमध्ये रक्त, पापण्या सुजल्यासारख्या दिसणं, हाकेला न बघणं, पिणं सोडणं, झटका.

६०० हा आकडा कसा आला ते आईलाही सांगा. किलोला ७५ मिली, आठ किलोचे ६००, चार तासांत. म्हणजे तासाला १५०, म्हणजे ५ मिलीचे तीस चमचे. ‘थोडं थोडं पाजत राहा’ या सल्ल्यात आणि या हिशोबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थोडं म्हणजे किती, हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही मोजता येत नाही.

मिली तिच्या कामाचे नाहीत, वाटी कामाची आहे. पण प्रत्येक घरची वाटी वेगळी. सिरिंजने १५० मिली पाणी तिच्याच वाटीत घाला, पाणी जिथे पोचेल तिथे बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाणी ओतून द्या. आता पट्टीपर्यंत भरलेली एक वाटी म्हणजे एक तास, चार वाट्या म्हणजे ध्येय पूर्ण. ज्या आईला अक्षरओळख नाही तीसुद्धा काड्या बिनचूक मारते. दुधाचा, मजुरीच्या खाड्यांचा हिशोब भिंतीवर रेघा मारून ठेवणाऱ्या घरांतून ती आलेली असते.

डायपर असेल तर वजन करून लघवीचा अंदाज येतो, एक ग्रॅमला एक मिली धरायचं आणि कोऱ्या डायपरचं वजन वजा करायचं. लंगोट असतील तर टिंबांवर भागवा.

आणि एक ओळ प्रत्येक आराखड्यात घाला, मी ती घातल्याशिवाय कागद लावत नाही: ‘रात्री १२ ते ४ आई झोपेल.’ त्या वेळात सलाईनवर नजर कुणाची, पाजायचं कुणी, ते पुढे नावानिशी लिहा. आईने जेवलं का, तिचं औषधपाणी चालू आहे का, घरी दुसरं मूल कुणाकडे आहे, याचाही उल्लेख हवा. बाळंत होऊन बारा दिवस झालेली बाई फरशीवर झोपते आणि आपण तिला दर दोन तासांनी दूध काढायला सांगतो. तिच्या जेवणाची सोय आराखड्यात नसेल तर दूध येणार कुठून?

‘समजलं का?’ विचारू नका

उत्तर ठरलेलं असतं: ‘हो सिस्टर.’ त्याऐवजी, ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघू, आता तुम्ही मला सांगा.’ चूक सांगणाऱ्याची असू शकते हे आधीच कबूल केलं की ती मोकळी होते. मग करून दाखवायला सांगा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम सोडायचं असतं. निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात, असं माझं निरीक्षण आहे. पाकीट थोडं थोडं ग्लासात टाकणं, गोडीसाठी साखर घालणं, कालचं उरलेलं आज पाजणं. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं, हे तिच्या तोंडून यायला हवं.

एका वेळी एकच गोष्ट शिकवा. सकाळी ओआरएस, दुपारी झिंकची गोळी चमच्यात विरघळवणं, संध्याकाळी हाक मारायच्या खुणा. घरी जाताना पंधरा सूचनांचा भडिमार केला तर तिच्या लक्षात फक्त रिक्षाचं भाडं राहतं.

टोचताना

आपली सवय अशी की व्हीनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी, लावायचं म्हटलं की आईला बाहेर काढायचं. आतून किंकाळी, बाहेर आई भिंतीला टेकून. तिला विचारा: थांबायचंय की बाहेर जायचंय? थांबणार असेल तर तिचं काम धरून ठेवण्याचं नको, धीर देण्याचं हवं. मूल तिच्या छातीशी उभं कवटाळलेलं, एक हात मोकळा, तो धरणारी दुसरी सिस्टर. तान्ह्याला टोचायच्या आधीपासून अंगावर पाजत ठेवलं तर दुखणं कमी होतं. आणि ‘काही होणार नाही’ असं मुलाला खोटं सांगायला तिला लावू नका. ‘दुखेल, मी इथेच आहे’ हे दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. ‘रडलास तर सिस्टर सुई टोचेल’ हे तिने म्हणू नये, असं वाटत असेल तर ते तिला प्रेमाने आणि लवकर सांगा, नाहीतर पुढच्या ड्यूटीला आपल्याला पाहूनच आकांत.

थांबायचं नाही म्हणाली तर तेही ठीक. त्यावरून तिची माया मोजू नका.

आजी आणि बाबा

आजीला वगळून केलेला आराखडा घरी गेल्यावर दोन दिवस टिकत नाही. ‘जुलाबात पाणी पाजलं की जुलाब वाढतात’ असं तिचं म्हणणं असेल तर सुनेसमोर तिला खोडून काढू नका. ‘आजी, तुम्ही इतकी लेकरं वाढवलीत, जरा हा चिमटा बघा’ म्हणत तिच्या बोटांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायला लावा. दुपारी दोन वाजता पुन्हा. कातडी पटकन परतताना तिने स्वतः पाहिली की घरी ओआरएसची राखण तीच करते.

बाबा संध्याकाळी येतो तेव्हा आपली ड्यूटी बदलत असते, म्हणून तो सुटतो. त्याच्यासाठी आराखड्यात एक नेमकं काम राखून ठेवा: रात्रीची दोन तासांची पाळी, किंवा औषधाच्या बाटलीवरची मात्रा वाचून आईला खूण करून देणं.

ड्यूटी बदलताना

ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती, शक्यतो कॉटजवळ द्या आणि शेवटी आईकडे वळून विचारा, ‘माझं काही राहिलं का?’ बहुतेक वेळा राहिलेलं असतं. ‘मघाशी शी हिरवी झाली.’ ‘डाव्या हाताला सूज वाटते.’ सलाईनची जागा सुजली हे आपल्याआधी तिला दिसतं. मात्र एचआयव्हीचा रिपोर्ट, घरातली मारहाण, पैशाची ओढाताण हे कॉटजवळ बोलायचं नाही. शेजारच्या कॉटला कान असतात.

घरी जाण्याची तयारी पहिल्याच दिवशी

जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस द्यायचं असतं, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. पाच दिवसांनी ‘बरा झाला’ म्हणून गोळ्या डब्यात जातात. म्हणून चौदा चौकटींचा कागद द्या, रोज एक फुली. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली ओआरएस, म्हणजे तिच्या पट्टीच्या वाटीतलं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश. वाटीवरची पट्टी काढू नका, तशीच घरी जाऊ द्या.

तापाच्या औषधाचा घोळ तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डॉक्टरांनी किलोला १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सांगितलं तर आपल्या आठ किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम. आता हे १०० मिलिग्रॅमला एक मिली या थेंबांच्या बाटलीतून १.२ मिली होतं, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमधून ४.८ मिली आणि ५ मिलीत २५० च्या सिरपमधून २.४ मिली. घरात तिन्ही बाटल्या असू शकतात. ‘अर्धा चमचा द्या’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं. घरातली बाटली मागवून घ्या, सिरिंजवर पेनाने रेघ ओढा आणि बाकीच्या बाटल्यांचं काय करायचं तेही बोला.

जमलं नाही तेव्हा

दुपारी दोनला पाहिलं तर चारऐवजी दोनच काड्या. ‘आईने सहकार्य केले नाही’ ही नोंद लिहायला तीन सेकंद लागतात. त्याआधी विचारा. चमचा मोठा होता आणि मूल ठसकत होतं? आजी डबा आणायला गेली आणि आईला लघवीलाही उठता येईना? मूल झोपलं आणि उठवायचं की नाही, हे आपण सांगितलंच नव्हतं? नोंद अशी करा: ‘३०० मिली गेले. आई एकटी होती. ३ वाजल्यापासून अर्धा तास सिस्टर, अर्धा तास आई. डॉक्टरांना कळवले.’ आराखडा पाळला गेला नाही तर बहुधा आराखड्यात खोट असते.

तसंच ‘आम्हाला घरी सोडा’ म्हणणाऱ्यांचं. सहीचा कागद पुढे करण्याआधी एकदा कारण विचारा. पेरणी अडलीय, मोठी मुलगी शेजारणीकडे आहे, रोज बुडतोय, मालक फोन करतोय. कुपोषित मुलांच्या केंद्रात दोन आठवडे राहायचं म्हटलं तर आईचा तेवढ्या दिवसांचा रोज जातो. बुडीत मजुरीची तरतूद तिथे असते, ती तिला मिळाली का ते पाहा. कधी सासूला बोलावून आईला एक रात्र घरी पाठवलं की प्रश्न सुटतो. आणि तरीही गेलेच, तर रागाने नुसता डिस्चार्ज कार्डाचा कागद हातात कोंबू नका. ओआरएसची पाकिटं, राहिलेल्या झिंकच्या गोळ्या, हाक मारायच्या खुणा एकदा तिच्या तोंडून, गावच्या आशाताईला फोन, आणि ‘रात्री-अपरात्री कधीही या, कुणी बोलणार नाही’ हे शब्द. ते खरे ठरावेत म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरलाही तसं सांगून ठेवा.